कोर्ट मॅरेज डिसेंबरात, लग्न फेब्रुवारीत, सून जवळपास दोन वर्षांनी अमेरिकेत: रिटर्न कसं भरायचं?

इंदिरानगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा अमेरिकेचा नागरिक, न्यू जर्सीत नोकरी. व्हिसाची फाइल लवकर लागावी म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये नाशिकला नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये चार माणसांत रीतसर लग्न लावलं. मुलाने २०२३ चं अमेरिकन रिटर्न अविवाहित म्हणून भरलं आणि २०२४ चं विवाहित पण स्वतंत्र म्हणून. सून १० नोव्हेंबर २०२५ ला इमिग्रंट व्हिसावर तिकडे पोचली. ऑक्टोबरपर्यंत ती नाशिकला नोकरीत होती. तिच्या नावावर एफडी, पीपीएफ, थोडे म्युच्युअल फंड आहेत आणि माहेरी निफाडला द्राक्षबागेच्या सातबाऱ्यावर भावाबरोबर नाव आहे. आता मुलगा म्हणतो, "दोघांचं एकत्र रिटर्न भरतो, तिने फक्त सही करायची आहे." ताई विचारतात, एकत्र भरावं का, तिच्या इकडच्या पैशावर तिकडे टॅक्स बसेल का, आणि इथे आपण काय करायचं?

ताई, एकत्र भरणं बहुधा फायद्याचंच ठरेल. पण "फक्त सही" हे मला अजिबात मान्य नाही. त्याचं कारण पुढे सांगते. आधी तारखेचा घोळ सोडवू.

अमेरिकेच्या टॅक्ससाठी माणूस विवाहित आहे की नाही, हे त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला ठरतं. त्या दिवशी कायद्याने लग्न झालेलं असेल तर अख्खं वर्ष विवाहित. जिथे लग्न झालं तिथल्या कायद्याने ते वैध असलं की तेवढं पुरतं. मंगलाष्टकं फेब्रुवारीत म्हटली म्हणून डिसेंबरातलं लग्न पुढे सरकत नाही. म्हणजे तुमचा मुलगा ३१ डिसेंबर २०२३ ला विवाहित होता आणि २०२३ चं "अविवाहित" रिटर्न चुकीचं आहे. नाशिकच्या कॅनडा कॉर्नर भागातल्या माझ्या ऑफिसात असे पुष्कळ जण येतात. आपल्याकडे कोर्ट मॅरेज हा कागदाचा सोपस्कार समजतात आणि मांडवातलं लग्न खरं समजतात. तिकडचा कायदा मात्र तो कागदच बघतो.

ही चूक तशीच ठेवू नका. पगारदार माणसाच्या बाबतीत अविवाहित आणि विवाहित-स्वतंत्र यांची स्टँडर्ड डिडक्शन सारखी आणि मधल्या उत्पन्नापर्यंत दरही सारखे, त्यामुळे टॅक्सच्या रकमेत बहुतेक फरक पडणार नाही. फरक पडेल तो ग्रीन कार्डला. सून अमेरिकेत उतरली तेव्हा लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली नव्हती, म्हणून तिचं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, अटींसह दिलेलं असणार. त्याची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा अर्ज करावा लागतो आणि संसार खरा आहे हे दाखवावं लागतं. नवराबायकोचं एकत्र रिटर्न हा त्यातला चांगला पुरावा असतो. आणि त्याच फाइलमध्ये लग्नानंतरच्या वर्षाचं "अविवाहित" रिटर्न निघालं, तर उत्तर तिला द्यावं लागेल. म्हणून १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून ते आताच नीट करा.

आता एकत्र रिटर्नकडे येऊ. २०२५ या वर्षात सून १ जानेवारीला अमेरिकेसाठी परकी होती आणि १० नोव्हेंबरपासून रहिवासी झाली. काहीच न निवडता सोडलं तर तिचं वर्ष दोन तुकड्यांत मोडतं: नोव्हेंबरपूर्वीच्या नाशिकच्या पगाराशी अमेरिकेचा संबंध नाही आणि नंतरच्या जगभरच्या उत्पन्नाशी आहे. पण मग एकत्र रिटर्न भरता येत नाही आणि तिला स्टँडर्ड डिडक्शनही मिळत नाही. दुसरा रस्ता म्हणजे दोघांनी मिळून निवड कळवायची, की तिला पूर्ण वर्ष रहिवासी धरा. कायद्याच्या कलम ६०१३ मध्ये ही सोय आहे. रिटर्नला एक निवेदन जोडायचं, त्यात दोघांची नावं, पत्ते, नंबर लिहायचे आणि दोघांनी सह्या करायच्या. मात्र त्या बदल्यात तिचं जानेवारीपासूनचं नाशिकचं सगळं उत्पन्न त्या रिटर्नमध्ये येतं.

एक हिशेब मांडून दाखवते. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, तुमचे घालून बघा. मुलाचा पगार ९५,००० डॉलर. सुनेचा दहा महिन्यांचा पगार आणि व्याज मिळून ६,९६,००० रुपये. डॉलरमागे ८७ रुपये धरले तर ८,००० डॉलर. मुलाने स्वतंत्र भरलं तर २०२५ ची स्टँडर्ड डिडक्शन १५,७५० डॉलर, करपात्र उत्पन्न ७९,२५०, टॅक्स सुमारे १२,३५०. एकत्र भरलं तर उत्पन्न १,०३,०००, डिडक्शन ३१,५००, करपात्र ७१,५००, टॅक्स सुमारे ८,१००. तिचं उत्पन्न आत घेऊनसुद्धा सव्वाचार हजार डॉलरच्या आसपास वाचतात. न्यू जर्सीचं राज्याचं रिटर्न वेगळं असतं, ते यात धरलेलं नाही. भारतात तिने टॅक्स भरला असेल तर त्याची वजावट तिकडे मागता येते. पण इथे रिबेटमुळे टॅक्स शून्य आला असेल तर वजा करायला काही नसतं, हे लक्षात ठेवा.

मग एकत्र केव्हा भरू नये? त्याच वर्षात तिने नाशिकला काही मोठं विकलं असेल तेव्हा. अशी गाठ मी वारंवार बघते. जायच्या आधी सगळं आवरून जावं म्हणून पाथर्डी फाट्याचा प्लॉट विकला, नाहीतर गावची जमीन विकली. ग्रामीण शेतजमीन विकल्यावर भारतात भांडवली नफ्याचा टॅक्स बसत नाही, म्हणून सगळे निर्धास्त. पण पूर्ण वर्ष रहिवासी धरा असं स्वतःहून सांगितलं की तोच नफा अमेरिकेत करपात्र होतो. इथे टॅक्स भरलेलाच नसतो, त्यामुळे तिकडे वजावटही नाही. चार हजार डॉलर वाचवायला जाऊन दहा हजार भरावे लागतील. सुनेच्या बाबतीत २०२५ मध्ये अशी विक्री झाली नसेल तर काळजी नाही. झाली असेल तर त्या वर्षाचं स्वतंत्र रिटर्नच बरं.

इथे एक बारकावा आहे. तुमच्या मुलासमोर एक नाही, तीन वर्षं आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. २०२३ दुरुस्त करायचंच आहे, तर ते नुसतं विवाहित-स्वतंत्र करता येईल किंवा एकत्रही करता येईल. सून तेव्हा नाशिकला राहत होती तरी चालतं. वर्षाअखेर नवरा नागरिक आणि बायको परकी असेल तरीही कलम ६०१३ ती निवड करू देतं. तेव्हा तिच्याकडे अमेरिकेचा नंबर नव्हता, आता सोशल सिक्युरिटी नंबर आहे. म्हणजे २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांचा जादा गेलेला टॅक्स परत मागण्याची वाट मोकळी आहे. पण परक्या जोडीदाराला रहिवासी धरण्याची ही निवड एकदा केली की पुढच्या वर्षांनाही लागू राहते. २०२३ साठी केली आणि २०२४ तसंच सोडलं, असं चालत नाही. २०२४ मध्येही तिचं नाशिकचं उत्पन्न अमेरिकेला दाखवावं लागेल, तेही रिटर्न दुरुस्त करावं लागेल, आणि २०२५ ला वेगळी निवड करायची गरजच उरणार नाही. एकदा ही निवड मोडली तर या दोघांना ती पुन्हा कधीच करता येत नाही.

म्हणून तिन्ही वर्षांचा हिशेब एका कागदावर शेजारी शेजारी मांडा आणि मग ठरवा. २०२३ चं रिटर्न वेळेत भरलं असेल तर त्या वर्षाचा परतावा मागायला १५ एप्रिल २०२७ पर्यंत मुदत आहे. त्यामुळे त्याची घाई नाही. २०२५ ची मुदत १५ एप्रिल २०२६ आहे. वेळ कमी वाटला तर फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत वाढवून घ्या, पण देणं असलेला टॅक्स एप्रिलमध्येच भरावा लागतो. आणखी एक: स्वतंत्र भरलेलं रिटर्न तीन वर्षांत एकत्र करता येतं. एकत्र भरलेलं मात्र मुदत उलटल्यावर स्वतंत्र करता येत नाही. मन द्विधा असेल तर आधी स्वतंत्र भरा आणि सावकाश विचार करा.

आता "फक्त सही" बद्दल. एकत्र रिटर्नवर सही केली की त्यातल्या प्रत्येक आकड्याला आणि पूर्ण टॅक्सला दोघंही जबाबदार होतात. मुलाच्या बाजूचं काही उत्पन्न दाखवायचं राहिलं तर वसुली तिच्याकडूनही होऊ शकते, पुढे दुर्दैवाने दोघं वेगळे झाले तरीसुद्धा. निर्दोष जोडीदाराला सुटका मागता येते, पण ती सिद्ध करणं सोपं नाही. नवीन देश, अजून नोकरी नाही, बँक खातं नवऱ्याच्या नावाचं, अशा अवस्थेतली मुलगी समोर आलेल्या कागदावर सही करते, कारण विचारलं तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल असं तिला वाटतं. ताई, हे तुम्ही मुलाला सांगा. सुनेने सांगण्यापेक्षा सासूने सांगितलेलं सोपं जाईल. रिटर्नचं प्रत्येक पान तिच्यासमोर उघडा, तिच्या नाशिकच्या पैशाची यादी तिलाच करू द्या आणि भरलेल्या रिटर्नची प्रत तिच्या मेलवर जाऊ द्या.

ती यादी करणं हेच खरं काम आहे. अमेरिकेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. त्यामुळे फॉर्म १६ तिकडे जसाच्या तसा चालत नाही. जानेवारी ते मार्च २०२५ च्या पगारपावत्या जुन्या आर्थिक वर्षातल्या घ्यायच्या आणि एप्रिल ते ऑक्टोबरच्या नव्या वर्षातल्या. एफडीचं व्याजही तसंच तोडायचं. बँकेचं प्रमाणपत्र मार्चअखेरचं असतं, म्हणून बारा महिन्यांचं खातेउतारा-पत्रक काढून व्याजाच्या ओळी एकेक करून वेचाव्या लागतात. एफडी पतसंस्थेत असेल तर पासबुक भरून आणा, कारण ऑनलाइन काहीच मिळत नाही. हे सगळं नाशिकला बसून तुम्ही सहज करू शकता आणि या वेळी तुमची सर्वांत मोठी मदत तीच होईल.

पीपीएफचं व्याज इथे करमुक्त असलं तरी तिकडे दरवर्षी उत्पन्नात दाखवायचं. अनिवासी भारतीयांच्या एनआरई ठेवीच्या व्याजाचंही तेच. म्युच्युअल फंड हे जास्त त्रासाचं प्रकरण आहे. आपले फंड अमेरिकेच्या नियमांत पीएफआयसी नावाच्या गटात बसतात. विकताना नफ्यावर जाचक पद्धतीने टॅक्स आणि वर व्याज लागतं. एकत्र रिटर्नमध्ये असे सगळे फंड मिळून ५०,००० डॉलरपर्यंत असतील आणि वर्षात काही विकलं नसेल तर सहसा दरवर्षीचा वेगळा फॉर्म लागत नाही. सुनेचे फंड थोडे आहेत म्हणता, तर एसआयपी आजच बंद करा आणि पुढच्या एक-दोन वर्षांत हिशेब करून मोकळे व्हा. जितके जास्त दिवस ठेवाल तितकं ते व्याज वाढतं. ज्यांची सून अजून जायची आहे, त्यांनी फंड ती जाण्याच्या आदल्या कॅलेंडर वर्षातच विकलेले बरे.

निफाडच्या बागेकडे जरा थांबून बघू. शेतीचं उत्पन्न भारतात करमुक्त, अमेरिकेत करपात्र. पण सातबाऱ्यावर नाव आहे एवढ्यावरून उत्पन्न तिचं ठरत नाही. वडिलांच्या पश्चात वारस नोंदीने बहिणीचं नाव लागतं आणि बाग भाऊच बघतो, ही आपल्याकडची नेहमीची स्थिती आहे. ऑक्टोबर छाटणीपासून औषध फवारणीपर्यंत खर्च भावाचा, व्यापाऱ्याची पट्टी भावाच्या नावाची, पैसे भावाच्या खात्यात, तर ते उत्पन्न भावाचं. फक्त त्या पट्ट्या आणि खर्चाची बिलं जपून ठेवायला सांगा. दरवर्षी तिचा वाटा तिच्या खात्यात येत असेल तर खर्च वजा करून तो दाखवायचा. जमीन स्वतःच्या नावाने थेट असेल तर ती परदेशी मालमत्तेच्या फॉर्ममध्ये लिहावी लागत नाही. आणि टॅक्सची भीती घालून कोणी तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेत असेल तर तिला तसं करू देऊ नका. रिटर्नमध्ये चार ओळी वाढतील, म्हणून वडिलांच्या जमिनीतला हक्क सोडायचं काही कारण नाही.

खात्यांची माहिती देणं हे टॅक्सपेक्षा वेगळं काम आहे. अमेरिकेबाहेरची सगळी खाती मिळून वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार हा अहवाल ऑनलाइन भरावा लागतो. त्याची मुदत १५ एप्रिल आहे आणि १५ ऑक्टोबरपर्यंतची वाढ आपोआप मिळते. तो रिटर्नबरोबर जात नाही, म्हणून विसरतो. सून १० नोव्हेंबरपासून ग्रीन कार्डधारक आहे, त्यामुळे २०२५ साठी तिला तो लागू आहे. त्याआधीच्या वर्षांसाठी एकत्र रिटर्नची निवड केली तरी तेवढ्यामुळे एफबार लागू होत नाही. बचत खातं, एफडी, पीपीएफ, पतसंस्थेची ठेव सगळं धरायचं. दुसरा फॉर्म ८९३८. तो रिटर्नलाच जोडतात आणि अमेरिकेत राहणाऱ्या जोडप्याला एकत्र रिटर्नमध्ये वर्षाअखेर एक लाख डॉलरच्या किंवा वर्षात कधीही दीड लाखाच्या वर मालमत्ता गेली तरच लागतो. स्त्रीधनाचे दागिने आणि बँकेतला लॉकर या दोन्हींत येत नाहीत.

ताई, इथे तुमचा स्वतःचाही संबंध येतो. म्हातारपणी अडचण नको म्हणून आपण एफडीवर मुलाचं नाव दुसरं लावतो. मुलगा जॉइंट होल्डर असेल तर ती पूर्ण रक्कम त्याच्या एफबारमध्ये येते, पैसा सगळा तुमचा असला तरी. नॉमिनी असेल तर येत नाही. तुमच्या पावत्या काढून बघा. जॉइंट नाव असेल आणि त्याने आजवर एफबार भरला नसेल, तर सुनेच्या यादीबरोबर हेही त्याच्या सल्लागाराला सांगा. स्वतःहून भरलेल्या उशिराच्या अहवालाकडे सौम्यपणे बघितलं जातं, त्यांनी शोधून काढलं तर नाही.

नावाचंही जमवून घ्या. तिच्या पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर सोशल सिक्युरिटी कार्डावरही तेच येणार आणि रिटर्नमध्ये अगदी तेच लिहायचं. सासरचं आडनाव लावून भरलेलं रिटर्न संगणक परत पाठवतो. नाव बदलायचं असेल तर आधी कार्डावर बदला, मग रिटर्नवर. पॅनवरचं नाव बदलायलाच हवं असं नाही.

ज्यांचा मुलगा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे आणि सून एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर गेली आहे, त्यांनाही हे बरंचसं लागू आहे, कारण नवरा तिथला कर-रहिवासी असला तरी ही निवड करता येते. फरक नंबरचा. एच-४ वर सोशल सिक्युरिटी नंबर सहसा मिळत नाही, म्हणून डब्ल्यू-७ फॉर्म भरून आयटीआयएन, म्हणजे फक्त टॅक्सपुरता नंबर, मागायचा. त्यासाठी नोटरीने शिक्का मारलेली पासपोर्टची झेरॉक्स चालत नाही. मूळ पासपोर्ट पाठवा, पासपोर्ट देणाऱ्या खात्याने प्रमाणित केलेली प्रत द्या किंवा अमेरिकेच्या कर खात्याने (आयआरएस) नेमलेल्या प्रमाणित करणाऱ्या एजंटकडे जा. मूळ पासपोर्ट टपालात घालायला मी तरी सांगत नाही.

राहिलं इकडचं रिटर्न. सून एप्रिल ते नोव्हेंबर २०२५ म्हणजे १८२ दिवसांहून जास्त भारतात होती, म्हणून २०२५-२६ साठी ती इथेही रहिवासीच आहे. तिकडे गेल्यावर नवऱ्याबरोबर बँक खातं उघडलं असेल तर आयटीआर-१ चालणार नाही. आयटीआर-२ भरून शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते खातं दाखवायचं. ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उघडलेली खाती या वेळी येतील. मुदत ३१ जुलै २०२६, आणि १९६१ च्या कायद्याखाली भरायचं हे शेवटचं वर्ष आहे. तिचं बचत खातं बँकेला कळवून एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्या. त्यानंतर एफडीच्या व्याजावर ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापला जाईल. अमेरिकेचं कर-रहिवासाचं प्रमाणपत्र आणि त्याबरोबरचा ठरलेला फॉर्म दिला तर भारत-अमेरिका कर करारानुसार तो १५ टक्क्यांवर येतो. जुनं पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही. वर्षाला थोडे थोडे पैसे तुम्ही तिच्या खात्यात भरत राहिलात तरी हरकत नाही, फक्त कोणी किती भरले ते एका वहीत लिहून ठेवा, कारण पुढच्या फेब्रुवारीत तिकडच्या रिटर्नची तयारी करताना तिला तो आकडा लागेल.